अनुभव धागा : मैदानाबाहेर भेटलेले खेळाडू

खेळाडूंच्या उर्मटपणाचे किस्से चवीने सांगितले जातात आणि त्यांच्या चांगुलपणाच्या गोष्टी मात्र घरातल्या घरात राहतात. म्हणून हा धागा काढला आहे. व्यावसायिक खेळाडूशी आपली प्रत्यक्ष गाठ पडली असेल आणि त्याने आपल्याशी, आपल्या मुलाशी किंवा आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कोणाशी आपुलकीने वागलेले आपण पाहिले असेल, तर ते सविस्तर लिहावे. छायाचित्र हवेच असे नाही. उलट, ज्या भेटीचे छायाचित्र निघाले नाही, तिच्याबद्दल मला जास्त उत्सुकता आहे. खेळाडू किती मोठा होता यापेक्षा त्याने नेमके काय केले, हे वाचायला आवडेल. एक विनंती अशी की सामन्याआधी स्वाक्षरी नाकारणाऱ्याला कोणी उर्मट ठरवू नये. त्या वेळी तो कामावर असतो आणि कामावरच्या माणसाला आपण इतरत्रही असे अडवत नाही.

नागपूरहून

विदर्भ आणि केरळ यांच्यातील 2024-25 च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर झाला, तेव्हा मी भाच्याला घेऊन गेलो होतो. तो डावखुरी फिरकी टाकतो. त्या हंगामात 69 बळी घेऊन विक्रम करणारा हर्ष दुबे हे त्याचे दैवत असल्यामुळे आम्ही अर्थातच विदर्भाच्या बाजूने होतो. पहिल्या डावात दानिश मालेवारने 153 धावा केल्या, विदर्भाची धावसंख्या 379 झाली आणि केरळचा डाव 342 वर संपला. त्यांचा कर्णधार सचिन बेबी 98 वर बाद झाला तेव्हा आमच्या आसपासचे नागपूरकरही हळहळले होते.

केरळच्या संघातील एक राखीव खेळाडू पाण्याच्या बाटल्या घेऊन सीमारेषेजवळ बसला होता. भाच्याने त्याला जाळीतून हाक मारली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत चेंडू कसा धरायचा, असे थेट विचारले. त्या खेळाडूची हिंदीही तितकीच मोडकी होती. त्याने हाताने थांबण्याची खूण केली आणि खेळ संपल्यावर येतो, असे सांगितले. मी भाच्याला म्हटले, विसर आता. पण दिवसाचा खेळ संपल्यावर तो खरोखरच आला आणि जाळीला खेटून उभा राहिला. पहिले आणि मधले बोट शिवणीवर आडवे पसरून त्याने चेंडू धरून दाखवला, त्या दोन बोटांच्या पेरांवर सगळा भार कसा घ्यायचा ते दाखवले, आणि चेंडू तळहाताला टेकला तर फिरणार नाही, हे पटवण्यासाठी मुद्दाम चुकीच्या पद्धतीनेही धरून दाखवला. चेंडू जाळीतून पलीकडे जाईना, तेव्हा तो वळसा घालून फाटकापर्यंत आला आणि भाच्याची बोटे त्याने स्वतः शिवणीवर बसवली.

शेवटच्या दिवशी सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे गेला. केरळची ही पहिलीच रणजी अंतिम फेरी होती. हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर माणूस कोणाच्या तोंडाकडेही पाहत नाही, पण बसकडे जाताना त्या राखीव खेळाडूला भाचा दिसला आणि तो थांबला. किटमधला सरावाचा एक जुना चेंडू काढून त्याने भाच्याच्या हातात ठेवला आणि बोटे पुन्हा एकदा तपासली. त्याचे नाव मला ठाऊक आहे. पण त्या सामन्याच्या धावफलकात ते नाही, म्हणून इथेही देत नाही.

सातारा जिल्ह्यातून, निवृत्त शिक्षक

मी लिहितो आहे ती गोष्ट फार जुनी आहे आणि पैलवानाला व्यावसायिक खेळाडू म्हणावे की नाही, असा प्रश्न कोणी काढू नये. कुस्तीवरच ज्याची चूल पेटते तो व्यावसायिकच. आमच्या गावच्या जत्रेत सकाळी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागत, म्हणजे लहान पोरांना बक्षीस म्हणून रेवड्या किंवा नारळ मिळे, आणि दिवस कलायला लागला की इनामाची शेवटची जोड सुटे. त्या वर्षी शेवटच्या जोडीत कोल्हापूरच्या एका नामांकित तालमीचा मल्ल होता. मी रेवड्यांच्या कुस्तीत समोरच्या पोराने एकेरी पट काढताच, म्हणजे एक पाय धरून खेचताच, पाठीवर पडलो आणि आखाड्याच्या कडेला जाऊन रडत बसलो. वर वडीलही रागावून बोलत होते.

तो मल्ल लंगोटावर टॉवेल गुंडाळून जवळच बसला होता. त्याने मला बोलावून समोर उभे केले, माझ्या छातीवर एक बोट टेकवले आणि नुसते ढकलले, तर मी मागे गेलो. मग त्याने माझे गुडघे वाकवले, कोपरे बरगड्यांशी चिकटवली, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि पुन्हा ढकलले. या वेळी मी हललो नाही. ताठ उभ्या राहणाऱ्याचा पट कोणीही काढतो, एवढेच तो म्हणाला. वडिलांना मात्र त्याने बाजूला नेऊन बराच वेळ काही सांगितले. ते काय होते हे वडिलांनी मला कधीच सांगितले नाही, पण त्यानंतर हरल्यावर मी घरी बोलणी खाल्ली नाहीत. स्वतःची कुस्ती त्याने घिस्सा या डावावर जिंकली. लोकांनी फेटा बांधला, नोटा दिल्या, आणि त्या गर्दीतून त्याने मला शोधून मानाचा नारळ दिला.

पुढे कॉलेजसाठी कोल्हापूरला गेल्यावर मी त्याच्या तालमीत गेलो. अर्थातच त्याला माझी ओळख लागली नाही. तरीही गावाचे नाव सांगताच त्याने मला कट्ट्यावर बसवून घेतले आणि कुंडीत बदाम व खसखस घोटून केलेली थंडाई पेलाभर पाजली. तो पेला रिकामा होईपर्यंत उठू दिले नाही.

त्या पिढीच्या वागण्याचे कारण मला असे वाटते. आमच्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकले होते. कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्या उत्पन्नातून देणे फेडले. ज्यांच्या वर्गणीवर आपण उभे राहिलो, ते लोक पैलवानाला परके वाटत नसत.

धागाकर्त्याकडून, मध्येच

गुरुजींच्या लिखाणावरून सचिन तेंडुलकर यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग आठवला. चेन्नईच्या एका हॉटेलात कॉफी घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याने त्यांना भीत भीत सांगितले की कोपराचे संरक्षक कवच घातले की तुमच्या बॅटचा झोका बदलतो. हे त्याआधी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. सचिन यांनी ते हसण्यावारी न नेता ते कवच नव्याने बनवून घेतले आणि 2019 मध्ये त्या गृहस्थांचा जाहीरपणे शोध घेतला. चाहत्याला स्वाक्षरी देणे सोपे असते. त्याचे ऐकून घेणे त्याहून अवघड, असे माझे मत आहे.

व्हिएन्नाहून

27 ऑगस्ट 2023 रोजी आम्ही काही मराठी मित्र रेल्वेने बुडापेस्टला जाऊन जागतिक मैदानी स्पर्धेची भालाफेकीची अंतिम फेरी पाहून आलो. नीरज चोप्राची पहिली फेक बाद ठरली आणि दुसऱ्या फेकीत त्याने 88.17 मीटर गाठले. पाकिस्तानचा अर्शद नदीम 87.82 मीटरवर दुसरा आला. छायाचित्रकार पुढे धावले तेव्हा नीरज आणि कांस्यपदक विजेता याकूब वाडलेच आपापले ध्वज घेऊन उभे होते आणि अर्शद जरा बाजूला, ध्वजाशिवाय होता. नीरजने त्याला हाताने बोलावून घेतले आणि आपल्या शेजारी उभे केले. एवढ्या लांबूनही आम्हाला ते स्पष्ट दिसले.

माझी स्वतःची नीरजशी भेट झाली नाही, हे कबूल करतो. पण त्याच संध्याकाळची एक गोष्ट पत्रकारांनी नंतर लिहिली. उत्तम हिंदी बोलणाऱ्या एका हंगेरियन बाईंनी तिरंग्यावर त्याची स्वाक्षरी मागितली. तिरंग्यावर सही करता येत नाही, असे त्याने त्यांना सौजन्याने सांगितले आणि त्यांच्या टी-शर्टच्या बाहीवर सही करून दिली. नकार देतानाही समोरच्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, ही रीत मला फार आवडली.

कल्याणहून

आमच्या रेल्वे वसाहतीत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलेले एक कबड्डीपटू राहत. ते देशासाठी खेळलेले आहेत हे आम्हा मुलांना बरेच दिवस माहीतही नव्हते, कारण आमच्यासाठी ते दर रविवारी स्वतः फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, मैदान आखून देणारे काका होते. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, तरी वाकून बोनस रेषा तेच मारत. दुसऱ्याने मारलेली रेषा त्यांना सरळ वाटत नसे.

सोलापूरहून

माझी मुलगी मुलांच्या संघात क्रिकेट खेळत असे आणि दादाचीच बॅट व ग्लोव्ह्ज वापरत असे. आमच्या मैदानावर एकदा महिलांचा राज्य संघ सरावाला आला होता. सराव आटोपल्यावर त्यातील एक ज्येष्ठ खेळाडू झाडाखाली बसून मुलीची फलंदाजी पाहत होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावले आणि फक्त वरच्या, म्हणजे डाव्या हाताने बॅट उचलून समोर सरळ धरायला सांगितले. बॅट लगेच खाली आली. त्यांनी मला समजावले की वजन पेलत नसल्यामुळे हिचा खालचा हात जोर लावतो आणि म्हणून चेंडू हवेत जातो. फटक्यात दोष नाही. आम्ही तिच्या फटक्यालाच नावे ठेवत होतो.

नवी बॅट घेण्याची आमची तेव्हा ऐपत नव्हती आणि तसे मी बोललेही नव्हते. काही दिवसांनी एसटीच्या पार्सलने त्यांची जुनी, हलकी बॅट आली. मुठीला नवी ग्रिप चढवलेली होती आणि सोबतच्या चिठ्ठीत तेल कधी व किती लावायचे ते लिहिले होते. फोन केला तर त्यांनी आभार ऐकून न घेता मुलगी रोज किती वेळ खेळते, याची चौकशी केली.

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आम्ही दोघी स्टेडियममध्ये होतो. विजयी मुलींनी तो चषक मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा या माजी खेळाडूंच्या हाती दिला. मुलीने तिथूनच बॅट पाठवणाऱ्या त्या बाईंना फोन लावला, पण गोंगाटात एकमेकींचे काही ऐकू येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. त्या आता प्रशिक्षण देतात आणि नव्या मुलीला पहिल्या दिवशी चेंडू टाकण्याआधी डाव्या हाताने बॅट उचलायला लावतात, असे त्यांच्याकडे जाणाऱ्या मुलींकडून कळले.