ट्रॅव्हलरचं छत गळतंय, ३००० रुपयांत काय होईल? (इंदूर)

मांडूची_वाट: नमस्कार मंडळी. आमची जुनी ट्रॅव्हलर मिनीबस, आधी शाळेला होती, दिवाळीनंतर आत झोपायची सोय करून कॅम्पर करून घेतली. छतावर १४ इंची पंखा आणि मागे एक सोलर पॅनल. परवा पहिला जोराचा पाऊस झाला आणि सकाळी गादी ओली. पंखा मधोमध आहे, पाणी मात्र मागच्या दाराशी टपकतंय. तिथली प्लायची फळी पुरणपोळीसारखी फुगलीय. पॅनलमागे तळंही साचतं. काम करणाऱ्याने पंख्याभोवती भरपूर सिलिकॉन भरलं होतं, आता तो फोन उचलत नाही. बजेट ३०००, कारण याच महिन्यात गाडीचा विमा आहे. शनिवारी मांडूला जायचंय. काय लावू?

राऊचा_राजा: ताई, काहीच लावू नका. मी राऊला पत्र्याची शेड टाकली, ८५ हजार लागले, पण गाडी कोरडी ठणठणीत.

मांडूची_वाट: दादा, शेड मांडूला कशी नेऊ?

टाकीवाले_काका: एमसील (गळती बुजवायची पुट्टी) लावा आणि विसरा. आमच्या गच्चीवरच्या टाकीला ११ वर्षांपूर्वी लावलंय, थेंब नाही.

पत्रा_आणि_मी: काका, पत्रा उन्हात तापतो, पसरतो, रात्री आकसतो. त्यात गाडी धक्के खाते. एमसील दगडासारखं कडक होतं, तडकणारच.

टाकीवाले_काका: आमचं नाही तडकलं.

पत्रा_आणि_मी: तुमची टाकी खलघाटचा रस्ता उतरते का?

सराफा_रात्री_१२: भिया, आरटीओत नोंद केली का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीत बदल केला की परवानगी लागते. माझ्या मेव्हण्याला तीन चकरा माराव्या लागल्या. आणि फोटो चिकटवायला फेव्हिकॉल पण त्यानेच विकत आणायचा!

मांडूची_वाट: नोंद झालीय. पाणी आरटीओला विचारून येत नाही.

चहाबाज: हा पाऊस नसेलच. बंद गाडीत गॅसवर चहा केला, दोन माणसं झोपली की पत्र्याला आतून घाम सुटतो. आम्ही महिनाभर छत खरवडत बसलो होतो, शेवटी खिडकी दोन बोटं उघडी ठेवली आणि प्रश्न मिटला.

मांडूची_वाट: त्या रात्री आम्ही घरात झोपलो होतो. गाडी अंगणात रिकामी.

पीथमपूर_रिटायर्ड: बॉडी शॉपमध्ये आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. पाणी टपकतं तिथे भोक नसतं. छताच्या आत आडव्या पट्ट्या असतात, पाणी त्यांच्यावरून आणि अस्तरावरून घरंगळत कुठेही जातं. आधी शोधा. बागेची नळी घ्या, धार मंद ठेवा, खालून सुरुवात करा: मागची काच, मग दाराचं रबर, मग पॅनलचे ब्रॅकेट, शेवटी पंखा. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, आत एकजण बॅटरी घेऊन. थेट वरून पाणी ओतलंत तर काहीच कळणार नाही. कडेची पन्हळपण बघा, कडुनिंबाची पानं आणि चिखल बसून तिची भोकं बुजतात.

पत्रा_आणि_मी: पीथमपूरच्या काकांचं बरोबर. आणि जुनं सिलिकॉन पूर्ण निघाल्याशिवाय वर काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनही धड नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पत्र्याला लावूच नका, गंज चढतो. पंख्याच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी), स्क्रू समोरासमोरचे आवळायचे, दुसऱ्या दिवशी परत आवळायचे. बाहेरून पीयू सीलंट, म्हणजे घट्ट झाल्यावरही लवचिक राहणारं पॉलियुरेथेन. सियागंज बाजारात सीलंटची नळी घेताना तारीख बघा. पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, जुनी नळी आतच दगड झालेली असते. मला एकाने तशीच दिली आणि परत घ्यायला नकार.

राऊचा_राजा: म्हणूनच म्हणतो, शेड.

सराफा_रात्री_१२: आधी नळीने तपासा.

पीथमपूर_रिटायर्ड: तेच तर लिहिलंय वर.

मांडूची_वाट: झालं! काल बाबांना आत बसवलं बॅटरी देऊन. काच कोरडी, रबर कोरडं, ब्रॅकेट कोरडे. पंख्याच्या पुढच्या कोपऱ्यावर धार धरली आणि चौथ्या मिनिटाला बाबा ओरडले, "आलं, माझ्या मानेवर आलं!" तेही मागच्या दाराशी. पंखा उचलला तर सिलिकॉन केळ्याच्या सालासारखं सोलून हातात आलं. खाली कापलेल्या पत्र्याच्या कडेला रंगच नव्हता, गंजाची भुकटी.

सगळ्यांचे आभार, पण मी पंखा परत बसवत नाहीये. गंज घासला, गंज रोखणारं रेड ऑक्साइड प्रायमर मारलं, भोकावर ॲल्युमिनियमची प्लेट, खाली ब्यूटाइल, रिव्हेट, कडेने पीयू. एकूण २१५० रुपये. बाबा म्हणाले, खिडक्या कशाला आहेत मग? तळं अजून साचतं. गाडी लावताना डाव्या चाकांखाली फळी सरकवते, पाणी उजवीकडून पन्हळीत जातं.

पत्रा_आणि_मी, रागावू नका, टेप तुमचीच वापरली. १२ व्होल्टचा पंखा विकायचा आहे, चालू आहे.

राऊचा_राजा: केवढ्याला? शेडमध्ये फार उकडतं.