मराठी वळणाच्या इंग्रजीत 'पॅक'चं 'बॅक' का ऐकू येतं?

सह्यकडा
अमेरिकन क्लायंटबरोबरच्या कॉलवर मराठी मातृभाषा असलेल्यांचे ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा चुकीचे ऐकले जातात. 'पॅक'चं 'बॅक', 'कोट'चं 'गोट'. 'वेस्ट' म्हटलं तर पश्चिम दिशा की अंगातली बंडी, हेही कळत नाही. व्याकरण ठीक, आवाज मोठा, बोलण्याचा वेगही बेताचा असतो. मग बिघडतं कुठे, बोलणाऱ्याच्या तोंडात की ऐकणाऱ्याच्या कानात? ॲक्सेंट पूर्ण घालवायचा नाहीये. रोज पंधरा-वीस मिनिटं देऊन आधी काय सुधारावं?

नादबिंदू
दोन्हीकडे. 'पॅक'पासून सुरुवात करू, कारण मराठी माणसाला सगळ्यात जास्त नडतो तो हाच मुद्दा.

ओठ उघडल्यापासून स्वरतंतू थरथरायला लागेपर्यंत जो वेळ जातो, तो इथे महत्त्वाचा. लिस्कर आणि एब्रॅमसन यांनी 1964 मध्ये अकरा भाषांमध्ये तो मोजला आणि त्यांत मराठीही होती. मराठी प, ट, क यांच्यात हा वेळ साधारण 0 ते 30 मिलिसेकंद असतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, कमध्ये तो 60 ते 80च्या आसपास जातो आणि मधल्या वेळात नुसता श्वास ऐकू येतो. इंग्रजी 'ब' मात्र शब्दारंभी बऱ्याचदा 0 ते 20मध्येच असतो. म्हणजे आपला शुद्ध, स्वच्छ 'प' थेट त्यांच्या 'ब'च्या जागेवर जाऊन बसतो. मोठ्याने बोलून यात काहीच फरक पडत नाही, कारण चूक आवाजाच्या पातळीची नाही, वेळेची आहे.

स्वतःचा आकडा मोजायचा असेल तर 'प्राट' हे ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर घ्या. मोनो, 44100 हर्ट्झवर रेकॉर्ड करा. माइक वीतभर लांब आणि तोंडाच्या बाजूला धरा, समोर धरला तर श्वासाचा झोत थेट त्यावर आपटतो. नॉइज सप्रेशन बंद ठेवा, नाहीतर आपल्याला मोजायचा तो श्वासच छाटला जाऊ शकतो. मग लहरीचं चित्र मोठं करून ओठ उघडल्याच्या बारीक फटक्यापासून नियमित लाटा सुरू होईपर्यंतचा भाग निवडा. वेळ सेकंदांत दिसतो. 0.015 आलं म्हणजे 15 मिलिसेकंद, आणि तुमचा 'पॅक' धोक्यात आहे.

सह्यकडा
म्हणजे 'क'च्या जागी सरळ 'ख' म्हणायचा का?

नादबिंदू
सुरुवातीला हो, आणि 'क'साठी ते चांगलं जमतं. 'प'ला मात्र अडचण येते. आजच्या मराठीत बरेच जण 'फ' दात ओठाला लावून म्हणतात, त्यामुळे 'पिन'चं 'फिन' होऊन बसतं. दोन्ही ओठ घट्ट मिटून 'प' म्हणा आणि त्याला 'ह' जोडा. ओठांपुढे टिश्यूची पट्टी धरली तर ती स्पष्ट हलली पाहिजे. 'ट'साठी 'ठ' चालेल, फक्त जीभ मागे न वळवता वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकवायची.

दुसरी चूक अतिउत्साहाची. 'स'नंतर हा श्वास नसतो: 'स्पीक', 'स्टॉप', 'स्काय' यांत आपले मराठी प, ट, क जसेच्या तसे बरोबर आहेत. 'हॅपी'मधल्या आघात नसलेल्या 'प'लाही तो फारसा नसतो. हे न सांगता 'सगळीकडे हवा सोडा' असं शिकवलं की बोलणं विचित्र होतं.

शब्दाच्या शेवटी हिशोब वेगळा. 'बॅग' आणि 'बॅक' यांतला फरक इंग्रजी कान मुख्यतः स्वराच्या लांबीवरून ओळखतो. 'बॅग'मधला 'ॲ' चांगला लांबवा.

खारवारा
'वेस्ट'बद्दल. आपण लिहिताना भेद पाळतो: 'व्हॅन', 'व्हिटॅमिन' पण 'वॉटर', 'वाईन'. तोंडात मात्र दोन्हीकडे बहुधा खालचा ओठ दातांच्या नुसता जवळ जातो, घर्षण होत नाही. बंडीच्या 'व्हेस्ट'साठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवून दोन सेकंद आवाज धरा. ओठाला गुदगुल्या व्हायला हव्यात. दिशेच्या 'वेस्ट'साठी 'ऊ' म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करून 'ऊ-एस्ट' म्हणा. आरशात पहिल्या वेळी दात दिसतात, दुसऱ्या वेळी दिसत नाहीत.

तसंच 'झिरो', 'झू'. त्या ध्वनीसाठी आपण 'झ' लिहितो आणि म्हणतोही 'झ'च, पण इंग्रजीत तिथे जीभ वर टेकतच नाही. लांब 'स' धरा आणि तो न तोडता घसा सुरू करा.

पण माझ्या मते यापेक्षा आघाताकडे आधी बघावं. 'डेव्हलप', 'कमिटी', 'हॉटेल' यांत इंग्रजी आघात दुसऱ्या अक्षरावर असतो, आपण पहिल्यावर देतो. एखादं व्यंजन चुकलं तर ऐकणारा संदर्भाने सावरून घेतो. आघात हलला की तो शब्दच दुसरीकडे शोधायला लागतो. आघात म्हणजे नुसता जोर नव्हे: ते अक्षर लांबवायचं आणि शेजारचे स्वर पुसट करायचे. मराठीत प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारायची सवय असते, त्यामुळे हे पुसट करणंच जड जातं.

मधलीसुट्टी
ऐकणाऱ्याची बाजू राहिली. मन्रो आणि डरविंग यांनी 1995 मध्ये मँडरिन भाषकांची इंग्रजी वाक्यं इंग्रजी मातृभाषकांना ऐकवून लिहून घ्यायला लावली. 'ॲक्सेंट फार जड' असा शेरा मिळालेली कित्येक वाक्यं त्यांनी अचूक लिहिली होती. जड ॲक्सेंट आणि न कळणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, म्हणून तुमचं ध्येय अगदी योग्य आहे.

कान जुळवूनही घेतो. क्लार्क आणि गॅरेट यांच्या 2004च्या प्रयोगांत अनोळखी ॲक्सेंटची वाक्यं समजायला लागणारा जादा वेळ मिनिटभरातच कमी झाला. तेव्हा कॉलच्या पहिल्याच वाक्यात आकडे किंवा नावं टाकू नका, एक-दोन साधी वाक्यं आधी जाऊ द्या. उलट, रुबिन यांनी 1992 मध्ये एकच ध्वनिमुद्रण गोऱ्या आणि आशियाई चेहऱ्याच्या फोटोंसह ऐकवलं, तर आशियाई फोटो पाहणाऱ्यांना ते कमी समजलं. तो भाग तुमच्या उच्चारांनी सुटणार नाही, त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

सरावात कानालाही वेळ द्या. जपानी भाषकांना इंग्रजी 'र' आणि 'ल' शिकवताना एकाच शिक्षकाऐवजी अनेक आवाजांतल्या जोड्या ऐकवून लगेच बरोबर-चूक सांगण्याची पद्धत उपयोगी ठरली. तेच 'वेस्ट-व्हेस्ट', 'वाईन-व्हाईन' यांना करा: चार-पाच वेगवेगळ्या लोकांच्या आवाजात, क्रम मिसळून.

नादबिंदू
वीस मिनिटं असतील तर: दहा आघाताला, कामातले नेहमीचे तीस शब्द घेऊन. पाच श्वासाच्या प, ट, कला. उरलेली पाच 'वेस्ट-व्हेस्ट' ऐकायला. 'झिरो' नंतर बघा, त्यावरून कोणाचा गैरसमज सहसा होत नाही.