बिग बझार: मूळ दुखणं कर्ज आणि भाड्याचं

अ‍ॅमेझॉनच्या कोर्टकज्ज्यामुळे बिग बझार बुडालं, असं बरेचदा म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. खटला हा शेवटचा घाव. दुखणं जुनं होतं.

किशोर बियाणींनी २००१ मध्ये सुरू केलेल्या या दुकानांचं मोठेपण आधी मान्य करू. चकचकीत काचेच्या दुकानात शिरायला बिचकणारं गिऱ्हाईक त्यांनी ओळखलं. म्हणून मुद्दाम मंडईसारखी गजबज ठेवली, तांदूळ-डाळी हातात घेऊन पारखता येतील अशा उघड्या ठेवल्या. जुने कपडे, रद्दी देऊन कूपन घ्यायची सोयही होती. २६ जानेवारीच्या ‘सबसे सस्ता दिन’ची गर्दी तर आवरता आवरत नसे!

पण दुकानं वाढली ती कर्जावर आणि भाड्याच्या जागांत. कर्ज हलकं करायला २०१२ मध्ये बियाणींना आपलं कपड्यांच्या दुकानांचं पँटालून्स आदित्य बिर्ला समूहाकडे द्यावं लागलं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. २००२ मध्ये पवईत सुरू झालेलं डीमार्ट बघा. सावकाश वाढलं, शक्यतो स्वतःच्या जागेत.

लॉकडाऊनमध्ये विक्री आटली, भाडं आणि व्याज चालूच राहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सला धंदा विकायचा २४,७१३ कोटींचा सौदा ठरला, तो अ‍ॅमेझॉनने अडवला हे खरं. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने दुकानांचा ताबा घेतला तो भाडं थकल्यामुळेच, कारण तोवर अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले होते. एप्रिलमध्ये कर्ज दिलेल्या बँकांनीही सौदा नाकारला. यात छोट्या पुरवठादारांच्या थकलेल्या बिलांबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.