टकोमाला ३३ चे टायर टाकताय? मग क्राऊन-पिनियनचे पैसेही आत्ताच बाजूला काढा

डोंगरवाट, डेन्व्हर

गेल्या महिन्यात तिघांनी मला टोयोटाच्या टकोमा पिकअपबद्दल एकच प्रश्न विचारला. ‘टकोमा तीन इंच उचलून घेतली आहे, आता २८५/७० आर १७ चे, म्हणजे ३३ इंची टायर टाकतो. आणखी काही करावं लागेल का?’ मी सांगितलं, हो, पुढचं आणि मागचं, दोन्ही क्राऊन-पिनियन (इंजिनाची फिरकी चाकांना देणारे एक्सलमधले गिअर) बदला. तिघांचेही चेहरे पडले. टायरचा खर्च त्यांनी धरला होता, हा धरलाच नव्हता. माझं म्हणणं असं की कोलोरॅडोच्या डोंगरात गाडी चालवायची असेल तर हे दोन वेगळे खर्च नाहीतच. दोन्ही झेपत नसतील तर टायर लहान घ्यावा.

माझी गाडी २०१९ ची. साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन, सहा गिअरची ऑटोमॅटिक, एक्सल रेशो ३.९१, म्हणजे चाक एकदा फिरायला पिनियन ३.९१ वेळा फिरतं. कंपनीतून आलेला टायर २६५/७० आर १६, उंची ३०.६ इंच. नवा टायर म्हणायला ३३, पण मोजून ३२.७ इंच. फरक सात टक्क्यांचा, आणि तो ऐकून कोणीच घाबरत नाही. मीही घाबरलो नव्हतो. पहिले दोन हिवाळे गिअर तसेच ठेवले.

डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढण आहे आणि बोगदा ११,१५८ फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. समुद्रसपाटीवर २७८ हॉर्सपॉवर देणारं हे इंजिन बोगद्याजवळ पोचेपर्यंत दोनशेच्या खाली आलेलं असतं. त्यात टायर प्रत्येकी पंधरा-वीस पौंडांनी जड, मागे तंबू, पाणी, शेगडी. गाडी चौथ्यात दम टाकायची, तिसऱ्यात जाऊन किंचाळायची, पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. शेजारी बसलेली बायको विचारायची, ‘गाडीला काही झालंय का?’

हिशोब सोपा आहे. ताशी मैल गुणिले एक्सल रेशो गुणिले त्या गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची इंचांतली उंची, की आरपीएम मिळतो. ७० मैलांच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये (रेशो ०.५८) मूळ टायरवर इंजिन १,७४० च्या आसपास फिरतं. ३३ वर तेच १,६३०. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ४,६०० आरपीएमला आहे. १,६३० ला त्याच्याकडे चढासाठी काही शिल्लकच नसतं, म्हणून गिअरबॉक्स सारखा खाली उतरतो.

मी ४.८८ रेशोचे क्राऊन-पिनियन टाकले. आता त्याच वेगाला २,०३५. पुढून-मागून मिळून मजुरीसकट २,७०० डॉलर गेले. पैसे टायर घेतानाच काढायला हवे होते, ते दोन वर्षं उशिरा काढले याचंच वाईट वाटतं.

ह्यूस्टनकर

दादा, तुमच्या डोंगराबद्दल वाद नाही. पण तुमच्या मथळ्याने सपाट मुलखातल्या माणसालाही अडीच-तीन हजारांचा भुर्दंड बसेल, म्हणून विरोध नोंदवतो.

माझी २०१८ ची टकोमा, हेच टायर, गिअर कंपनीचेच. ६०,००० मैल झाले. ह्यूस्टन ते सॅन अँटोनियो, आय-१० वर वाटेत चढ म्हणावा असा चढ लागत नाही. वारा समोरून असेल तर लिव्हर ‘एस’मध्ये घेतो आणि पाचव्यावर अडकवून ठेवतो. पाचव्यात ७० ला १,९३० आरपीएम मिळतो. म्हणजे २,७०० डॉलर खर्चून तुम्ही जे मिळवलं, त्याच्या जवळपास मी एका बोटाने जातो.

दुसरं, तुमचाच हिशोब तुमच्यावर उलटतो. ३.९१ ला ३२.७ ने गुणा, ३०.६ ने भागा. उत्तर येतं ४.१८. मोठ्या टायरने हिरावलेलं सगळं परत मिळवायला ४.१८ पुरे. तुम्ही थेट ४.८८ वर गेलात, म्हणजे टायरची भरपाई करून वर सतरा टक्के जास्त. ही टायरची दुरुस्ती नाही, कंपनीने बनवलेल्या गाडीबद्दलची तुमची तक्रार आहे. तक्रार खरी असेलही, पण तिचं बिल टायरच्या नावावर फाडू नका.

आणि कंपनीत बसवलेलं डिफरन्शियल (क्राऊन-पिनियन ज्यात असतं तो एक्सलचा भाग) उघडायचं म्हणजे जोखीम आहे. माझ्या मित्राने घरापासून जवळ म्हणून एका गॅरेजात काम करून घेतलं. ५० ते ६० मैलांच्या दरम्यान मागून अशी शिट्टी वाजते की रेडिओ मोठा करावा लागतो. दोनदा उघडून झालं.

डोंगरवाट, डेन्व्हर

४.१८ चा मुद्दा अगदी बरोबर, आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. पण ४.१८ चा जोड बाजारात मिळत नाही. टोयोटाने याच पिढीच्या मॅन्युअल टकोमाला ४.३० दिला आहे. त्यानंतर लोक घेतात ते ४.५६, ४.८८ आणि ५.२९. आणि ४.१८ केवळ टायरची उंची भरून काढतो. टायरचं वजन, लिफ्टमुळे वाढलेला वाऱ्याचा अडथळा, मागचं सामान यांतलं काहीच त्यात येत नाही.

‘एस’चा उपाय मीही करत होतो. चढावर मात्र तो पुरत नाही. कमी आरपीएमला टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक सुटतं, ते घसरत राहतं आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. मी मीटर लावून पाहिलं आहे. एक्सलमध्ये योग्य गिअर असला की लॉक टिकून राहतं. तुमच्या आय-१० वर याची गरज नाही, हे मान्य. मथळ्यात ‘डोंगरात’ हा शब्द हवा होता.

सिएरावासी, सॅक्रामेंटो

तुम्ही दोघंही ३३ गृहीत धरून भांडताय. मी त्याच्या आधीचा प्रश्न विचारते. ३३ कशाला हवेत?

टायर २.१ इंचांनी उंच झाला म्हणजे मागचं एक्सल त्याच्या निम्मं, जेमतेम एक इंच वर येतं. लिफ्टने चेसिस वर जाते, मागचं डिफरन्शियल जिथल्या तिथेच राहतं. त्याला टायरशिवाय कोणी उचलू शकत नाही. तर त्या एका इंचासाठी काय काय होतं ते मोजा. टकोमात २८५ चा टायर वळताना केबिनच्या माउंटला, म्हणजे केबिन चेसिसवर जिथे टेकते त्या भागाला, घासतो. लिफ्ट कितीही करा, तो घासतोच, कारण चाक वळताना आणि दबताना त्याच जागी येतं. मग माउंट कापून पुन्हा वेल्डिंग. आतली प्लॅस्टिकची मडगार्डं तापवून मागे ढकलायची. रिमचा ऑफसेट कमी घेतला असेल, म्हणजे चाक बाहेर सरकलं असेल, तर आणखी घासणार. ब्रेक मूळचेच, त्यांना जास्त जड चाक थांबवायचं. स्टेपनीही त्याच मापाची हवी, म्हणजे टायर चार नाही, पाच. आणि शेवटी तुमचे २,७०० डॉलर.

मी २६५/७० आर १७ वापरते. उंची ३१.६ इंच, मूळ टायरपेक्षा सव्वातीन टक्के जास्त. काही कापलं नाही, गिअर बदलले नाहीत. सिएरातल्या बहुतेक खडकाळ वाटा यावर होतात. खडकावर हवा १८ पाऊंडांपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड घेतो. त्या एका इंचापेक्षा ही हवा जास्त कामाची आहे. ज्याला खरंच उंची हवी त्याने २५५/८० आर १७ चा अरुंद टायर पाहावा. उंची ३३ इंच, पण रुंदी कमी, म्हणून घासतो कमी आणि वजनही कमी.

हातोडा, ग्रँड जंक्शन

शिट्टीबद्दल लिहितो, कारण हे काम मी स्वतः करतो.

शिट्टी गिअरमुळे येत नाही, बसवण्यामुळे येते. पिनियन किती खोल बसलं, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) किती, बेअरिंगवर दाब किती, हे शिम (पातळ चकत्या) बदलून-बदलून जुळवावं लागतं. दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मधोमध येतो का ते पाहायचं. तो टोकाला किंवा मुळाशी गेला की पुन्हा उघडायचं. एका एक्सलला अख्खा दिवस जाऊ शकतो. जो दुपारपर्यंत दोन्ही करून देतो म्हणतो, त्याच्याकडे गाडी नेऊ नका. ठशाचा फोटो मागा. देत नसेल तर दुसरा माणूस शोधा.

आणि पैसे वाचवायला फक्त मागचं बदलू म्हणणारे दरवर्षी येतात. फोर बाय फोर गाडीत पुढचा-मागचा रेशो एकच हवा. नाहीतर फोर व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी कुस्ती खेळतात आणि काहीतरी तुटतं.

तंबूवाले, सॉल्ट लेक सिटी

मी डोंगरवाटांच्याही पुढे जातो. ४.८८ नव्हे, ५.२९ घ्या.

छतावर तंबू, मागे कपाट आणि फ्रिज, पुढे लोखंडी बंपर. वजनकाट्यावर गाडी मूळ वजनापेक्षा ९०० पौंडांनी जास्त भरली. लोकांना ५.२९ आकडा ऐकून वाटतं, इंजिन हायवेवर रडेल. गणित करा: ३३ च्या टायरवर ८० मैलांना सहाव्यात २,५२० आरपीएम. या इंजिनाला तो काहीच नाही. सहावा गिअर ०.५८ इतका लांब आहे की मूळ गाडीत तो उतारापुरताच होता. ५.२९ ने तो पहिल्यांदा वापरता आला. आणि उद्या ३५ वर गेलो तर पुन्हा एक्सल उघडायला नको.

डोंगरवाट, डेन्व्हर

तुमच्या वजनाला ५.२९ पटतो. रिकाम्या फिरणाऱ्या गाडीला नाही. ४.८८ म्हणजे ३९ दातांचं क्राऊन आणि ८ दातांचं पिनियन; ५.२९ मध्ये ३७ आणि ७. दात कमी झाले की पिनियनही बारीक होतं आणि एका वेळी जोडलेले दात कमी. खडकावर अडकलेलं चाक अचानक सुटतं तेव्हा झटका तिथेच बसतो. खडकांसाठी लागणारी संथ गती ४.८८ नेही भरपूर मिळते. लो रेंजमध्ये (फोर व्हीलच्या संथ गिअरमध्ये) पहिल्या गिअरला माझी एकूण पट ३६ होती, आता ४५ आहे. ‘उद्या ३५’ म्हणून आज गिअर निवडू नका, ३५ ला टकोमात गिअरशिवाय बरंच काही कापावं लागतं.

ब्रॉन्को २१

एक पुरावा माझ्याकडूनही. फोर्ड ब्रॉन्कोला सॅस्क्वाच पॅकेजमध्ये ३५ चे टायर देते तेव्हा सोबत ४.७० चे एक्सल देते. जीपने रँग्लर रुबिकॉनला एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेजमध्ये ३५ दिले, तेव्हा ४.१० चे ४.५६ केले. फोर्डकडे दहा गिअरची ऑटोमॅटिक, जीपकडे आठ गिअरची. एवढे गिअर हाताशी असूनही टायर आणि एक्सल दोघांनी एकत्रच विकले.

ह्यूस्टनकर

हा पुरावा माझ्या बाजूचा आहे. ४.१० चे ४.५६ म्हणजे अकरा टक्के. रुबिकॉनचा मूळ टायर साधारण ३३ चा, नवा ३५ चा. टायर सहा-सात टक्क्यांनी वाढला, गिअर अकराने. टकोमाला तोच न्याय लावला तर ४.३० ते ४.५६ मध्ये उत्तर येतं. ४.८८ नाही.

डोंगरवाट, डेन्व्हर

न्याय बरोबर, आरंभबिंदू वेगळा. जीप ४.१० पासून निघाली, मी ३.९१ पासून. आणि माझा सहावा ०.५८ चा आहे, तो एवढा लांब नसता तर मीही ४.५६ वर थांबलो असतो.

पुणेकर थारवाला

इकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. त्यामुळे लिफ्ट आणि एक्सल दोन्ही बाजूला. नुसता टायर थोडा मोठा घेतल्यावर अ‍ॅव्हरेज खरंच किती पडतं, कोणी नीट मोजलंय का?

सिएरावासी, सॅक्रामेंटो

मोजलंय, आणि इथे बहुतेक जण चुकतात. टायर मोठा झाला की मीटर कमी दाखवतं. ३३ च्या टायरवर टकोमाचा काटा ६५ दाखवतो तेव्हा गाडी साडेएकोणसत्तरने धावत असते. पोलिसाला हे सांगून उपयोग नाही. मैलही तितकेच कमी मोजले जातात. म्हणजे ‘वीसचं सोळा झालं’ म्हणणाऱ्याचं खरं सतराच्या पुढे असतं. आधी मीटर जीपीएसशी ताडून पाहा, मग टायरला दोष द्या. तुमच्याकडे कायदा असा आहे तर मूळ मापच ठेवा आणि चांगला नक्षीचा ऑल-टेरेन घ्या.

नवी टकोमा, ऑरोरा

डोंगरवाटदादांना विचारणाऱ्या तिघांतला मी एक. लिफ्ट झाली आहे, टायर अजून घेतलेले नाहीत. महिन्यातून दोनदा डोंगरात जातो, बाकी ऑफिस. सिएरावासींचं एका इंचाचं गणित वाचून २६५/७० आर १७ कडे मन वळलंय. पण मित्रांच्या ३३ शेजारी गाडी उभी केली की लहान दिसेल, हेही मनात येतं. खोटं कशाला बोलू.

डोंगरवाट, डेन्व्हर

दिसण्याची हौस असणं यात चूक काही नाही. पण ती हौस ३३ मागत असेल तर क्राऊन-पिनियनही मागणार. शनिवारी सकाळी या. माझी ४.८८ ची गाडी आहेच, शेजाऱ्याकडे ३३ आणि ३.९१ ची टकोमा आहे, त्याला विचारून ठेवतो. आयडाहो स्प्रिंग्जपासून बोगद्यापर्यंत दोन्ही तुम्हीच चालवा. मागे पाण्याचे कॅन भरून ठेवतो, म्हणजे दोन्हींत वजन सारखं राहील.

ह्यूस्टनकर

तिसरी फेरी त्यांच्या स्वतःच्या गाडीने करा, मूळ टायरवर, तेवढेच कॅन भरून. तिन्हीचे आरपीएम लिहून इथे टाका. ३.९१ वरही लहान टायर निभावतो असं निघालं तर मी बरोबर, नाही निघालं तर मान्य करीन.