रविवारची मिस्सा मोबाइलवर पाहिली तर काय बिघडलं?

विरार लोकल: आम्ही वसईचे, दोघंही नोकरीला. आठवडाभर चर्चगेटच्या गाडीत लोंबकळून मिळतो तो एकच रविवार. लॉकडाऊनमध्ये बिशपांनी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, न जाण्याची सूट दिली होती, तेव्हा मेणबत्ती लावून सगळे टीव्हीसमोर बसायचो. परवा फादर प्रवचनात म्हणाले, निरोगी माणसाला आता ते चालणार नाही. मला हे पटत नाही. आठवडाभर खोटं बिल न लावणं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करणं, हीसुद्धा श्रद्धाच ना? क्रियांवाचून विश्वास निर्जीव, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातच आहे.

नंदाखालची लेक: क्रिया हव्यातच, त्यावर वाद नाही. पण मिस्सा बघायची गोष्ट नव्हे. कम्युनियन, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, स्क्रीनमधून हातावर येत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यात रविवारच्या मिस्सेचं बंधन आहे (कलम 1247), आणि पुढच्याच कलमात शनिवारी संध्याकाळची मिस्साही धरली आहे, कुठल्याही कॅथलिक चर्चमधली. कामावरून येताना वाटेत उतरा! शिवाय मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कळतं कोण आजारी आहे, कुणाच्या मुलाची फी अडली आहे. गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची माणसं तिथूनच कामाला लागतात. घरात बसून हे कळायचं कसं?

गासचा तरुण: आवारात हेही दिसतं की पहिल्या बाकावरचा माणूस सोमवारी भावाची जमीन बिल्डरच्या घशात घालतो. फादर दिब्रिटो हरित वसईच्या पर्यावरण आंदोलनात लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा धमक्या देणाऱ्यांना सामोरं जाणं हीच श्रद्धा होती. हजेरीपेक्षा मला ते मोठं वाटतं.

नंदाखालची लेक: दिब्रिटो आधी धर्मगुरू होते, हे का विसरता? ते बळ वेदीपाशीच मिळालं. ढोंगी माणूस पहिल्या बाकावर बसतो म्हणून मी मागचा बाक सोडू?

रात्रपाळीची नर्स: दोघांनीही आमच्यासारख्यांचा विचार करा. आयसीयूतून रविवारी सकाळी दहाला सुटते, तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत. आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशी गंभीर कारणं असली तर बंधन राहत नाही, असं कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणुकीचा ग्रंथ, सांगतो (परिच्छेद 2181). विरार लोकल, सासूबाईंपाशी दुसरं कुणीच नसेल तर तुमचंही तसंच. पण एकानं थांबून दुसरा जाऊ शकत असेल, तर मोबाइल ही सबब झाली. आणि सासूबाईंसाठी फादरांना सांगा, कम्युनियन घरी आणून देतात.

विरार लोकल: आळीपाळीनं शनिवारी जायचं बघतो. पण घरी सगळे मिळून केलेली प्रार्थना कमी दर्जाची, हे मला मान्य नाही.

रात्रपाळीची नर्स: कमी दर्जाची असं कुणीच म्हटलेलं नाही, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) रोज म्हणा. पण त्याच कॅटेकिझममध्ये असंही आहे की दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही असं काम विनाकारण लादू नका (2187). आपल्यातल्या किती घरांत रविवारी सकाळी इंद्यालाची (मांसाच्या रश्श्याची) भांडी घासायला बाई येते? तिला सुट्टी कोण देतंय, तेही इथं लिहा.