क्रायपुताश : या दगडाला मराठीत काय म्हणावं?

पहिल्या महायुद्धातल्या सर्बियन शिपायांवरचा एक लेख मराठीत लिहिते आहे आणि तीन दिवस एकाच शब्दापाशी अडले आहे. शब्द 'क्रायपुताश'. 'पुत' म्हणजे वाट, 'क्राय पुता' म्हणजे वाटेच्या कडेला. पश्चिम सर्बियात, द्रागाचेवोच्या बाजूला, गावरस्त्यांलगत हे उभट दगड दिसतात. समोर बघणारा शिपाई कोरलेला असतो. डोक्यावर शायकाचा, म्हणजे तिकडची शिपाईटोपी, झुपकेदार मिशा, हातात बंदूक, छातीवर पदकं. कोटाची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत इतकी नेटकी. काहींवर अजून रंग टिकून आहे. खाली नाव, गाव, पलटण, कुठे मेला, आणि दगड कोणी उभारला ते: बापाने, भावाने.

दगडाखाली मात्र कोणी नसतं. माणूस १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत किंवा १९१४ ते १९१८ मध्ये कुठेतरी लांब गेलेला, तिथेच पुरलेला, किंवा तेही नाही. म्हणून दगड रस्त्यावर लावायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा म्हणून.

'स्मारक' म्हटलं की चौथरा आणि साखळीचं कुंपण डोळ्यांपुढे येतं. 'थडगं' तर खोटंच होईल. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

वीरगळ! तोही जिथे देह आहे तिथेच असतो असं नाही. आयता शब्द असताना शोधायचं कशाला?

प्रतिसाद

वीरगळ मलाही आधी सुचला, पण मन घेत नाही. वीरगळावर खालून वर कथा चढत जाते. खाली लढाई किंवा गुरं सोडवताना आलेलं मरण, मग अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. वीर स्वर्गात पोचलेला असतो. आणि आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके आहेत, नाव नाही, गाव नाही. क्रायपुताशवरचा शिपाई कुठे पोचलेला नाही, तो रस्त्यातच उभा आहे आणि बोलतो. कित्येक दगडांची सुरुवातच 'स्तानि, पुत्निचे' अशा हाकेने होते: थांब, वाटसरू.

'पुत्निक' म्हणजे वाटसरू, प्रवासी. सर्बियन सेनापती रादोमिर पुत्निक यांचं आडनावही तेच. १९१५ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी आणि बल्गेरिया यांच्या रेट्यापुढे फौज अल्बानियाच्या बर्फाळ डोंगरांतून समुद्राकडे निघाली, तेव्हा ते इतके आजारी होते की शिपायांनी त्यांना बंद खुर्चीत घालून खांद्यावरून नेलं. 'मेणा' हा आपला शब्द तिथे नेमका बसेल.

प्रतिसाद

क्रियापदाकडेही बघा. सर्बियनमध्ये 'पाओ' म्हणजे शब्दशः 'पडला', आणि लढाईत मेला असाही अर्थ. आपल्या 'रणी पडला'सारखंच. दुसरं 'पोगिनुओ', म्हणजे हिंसेने किंवा अपघाताने गेला, मग ती लढाई असो की रस्ता. 'हुतात्मा' किंवा 'वीरगती' इथे घालू नका. नांगर सोडून गेलेली शेतकऱ्यांची पोरं होती ती. बखरीतलं 'कामास आला' चालेल. त्यात माणूस मोठाही होत नाही, लहानही होत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

'कामास आला' घेते, मनापासून आभार. आता दुसरी अडचण. अल्बानियाच्या किनाऱ्यावरून दोस्तांच्या जहाजांनी सुमारे दीड लाख माणसं बाहेर काढली, बहुतेक कोर्फू बेटावर. उपासमार आणि टायफसने खंगलेल्यांना शेजारच्या व्हिदो नावाच्या चिमुकल्या बेटावर ठेवलं. तिथे पुरायला जागा उरेना, तेव्हा प्रेतं होडीतून नेऊन समुद्रात सोडली, पाच हजारांहून जास्त. त्या पाण्याला सर्बियन माणूस 'प्लावा ग्रोब्नित्सा' म्हणतो. मिलुतिन बोयिच या कवीच्या कवितेचं हे नाव. तो स्वतः त्या माघारीत होता आणि १९१७ मध्ये सालोनिकात क्षयाने गेला, अवघा पंचवीस वर्षांचा. तीही कविता 'थांबा' याच शब्दाने उघडते. तिथे वाटसरूऐवजी गलबतांना थांबायला सांगितलं आहे.

'निळी जलसमाधी' म्हणू का?

प्रतिसाद

कृपया नको. जलसमाधी एकतर साधू घेतो, नाहीतर बुडालेल्या जहाजाला मिळते. या पोरांनी ती घेतली नाही आणि ती बुडालीही नाहीत. 'ग्रोब' म्हणजे सरळ कबर. 'निळी कबर' म्हणा.

प्रतिसाद

सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत त्याच महायुद्धाच्या पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच. आकडे आहेत, नावं नाहीत. मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींतले कितीतरी त्या आकड्यांत आहेत. लहानपणी मी त्या पाटीला टेकून एसटीची वाट बघायचो, ती वाचावी असं कधी वाटलं नाही. भावाने नाव कोरून रस्त्यावर लावलेला दगड कसा असेल, ते आज तुमच्यामुळे डोळ्यांपुढे आलं.

मूळ प्रश्नकर्ती

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पहिल्यांदा 'क्रायपुताश' तसाच ठेवते, पुढे 'वाटेवरचा दगड'. 'वाटशिळा' करून पाहिला, पण तो लेखकाने घडवलेला वाटतो आणि हे दगड तर घरच्यांनी उभारलेले. 'क्राय' म्हणजे कडा तसाच शेवटही, 'वाटेचा शेवट' असाही अर्थ त्यात ऐकू येतो. तो मराठीत धरता आला नाही याची चुटपुट आहे.

आता राहिलं 'स्तानि'. ते एकवचनी आहे, 'तू थांब'. विशीतल्या शिपायाने कुणाही म्हाताऱ्याला तू म्हणावं? मी 'थांबा' लिहून पाहिलं, तर ते फाटकावरच्या पाटीसारखं दिसलं. 'पांथस्था' त्याच्या तोंडी शोभणार नाही. 'थांब, वाटसरा' ठेवते. 'रे' लावणार नाही, कारण त्या रस्त्याने बायकाही जात असणार.