लीगमधले आयते खेळाडू युनियनने पैसे ओतून आणावेत का?

दक्षिणवारा (धागाकर्ता)

रग्बी फारसं न बघणाऱ्यांसाठी आधी थोडं. रग्बी नावाचे खेळ दोन आहेत. युनियनमध्ये पंधरा गडी, लीगमध्ये तेरा. लीगमध्ये गडी खाली पाडला की तो उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो आणि पुढची चाल सुरू होते. अशा सहा टॅकलमध्ये जे साधायचं ते साधा, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. युनियनमध्ये गडी पाडल्यावरच खरी लढाई लागते, कारण जमिनीवरच्या त्या चेंडूवर दोन्ही संघ तुटून पडतात.

आता मुद्दा. जोसेफ सुआली हा सिडनी रूस्टर्सचा तरुण लीग खेळाडू. मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनियनने, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्या देशाच्या संस्थेने, त्याला करारबद्ध केलं. इथल्या पेपरांत आकडा आला तो सुमारे ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, मेलबर्न रेबल्स हा सुपर रग्बीचा (युनियनची वरच्या पातळीवरची स्पर्धा) आख्खा संघ कर्जापायी बंद झाला. त्या संघाकडे बघून खेळणारी व्हिक्टोरियातली पोरं रातोरात वाऱ्यावर पडली.

मी सिडनीच्या पश्चिमेला राहतो. माझी मुलगी इथल्या छोट्या युनियन क्लबात खेळते. शनिवारी सकाळी सहाला एक आजोबा चुन्याचं यंत्र ढकलत मैदानाच्या रेघा मारतात. दोन वर्षांपूर्वी पुसले गेलेले जर्सीवरचे नंबर आम्ही आईबापांनी पांढऱ्या चिकटपट्टीने करून दिले होते. बारा वर्षांखालच्या संघाला गेला सीझनभर प्रशिक्षक नव्हता. अशा वेळी एका गड्यावर एवढी रक्कम लावणं मला पटत नाही. सुआलीवर माझा राग नाही, त्याने मिळतील ते पैसे जरूर घ्यावेत. माझा आक्षेप आहे तो घरचं शेत पडीक ठेवून बाजारातून धान्य आणणाऱ्या युनियनवर.

---

तेरावा गडी

'आयते' हा शब्द टोचला, म्हणून लिहितोय. पंधरा वर्षं मँचेस्टरला आहे आणि माझा जीव लीगमध्ये आहे.

हे दोन खेळ वेगळे का झाले ते आधी बघा. यॉर्कशर-लँकशरचे खेळाडू म्हणजे खाणीतले आणि गिरण्यांतले कामगार. शनिवारी सामना खेळायचा तर पाळी बुडायची, पाळी बुडाली की मजुरी बुडायची. तेवढी भरपाई द्या, एवढंच उत्तरेकडच्या क्लबांचं मागणं होतं. १८९३ मध्ये युनियनने ते फेटाळलं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लब जमले, वेगळे झाले आणि बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग देऊ लागले. लीगचा जन्म तिथला आहे.

त्यानंतर शंभर वर्षं युनियनने काय केलं? लीगकडे गेलेल्या माणसाला जन्मभर दार बंद. १९४१ मध्ये तर फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या विशी सरकारने लीगवर बंदीच घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियनने पैसे घेऊन खेळायला मुभा दिली आणि त्याच दारातून आता लीगचे गडी बोलावले जातात. ते गडी घडवले लीगच्या क्लबांनी. तुम्हाला मैदानाची काळजी वाटते ती रास्त आहे, पण त्या खेळाडूंना बाहेरचं धान्य म्हणू नका.

---

पंधरा नंबर

धागाकर्त्याला +१, पण माझं कारण पैशांचं नाही. हे दोन वेगळे खेळ आहेत, हेच लोक मान्य करत नाहीत.

मे १९९६ मध्ये लीगचा विगन आणि युनियनचा बाथ हे दोन्हीकडचे तगडे संघ एकमेकांशी दोनदा खेळले. लीगच्या नियमांनी मँचेस्टरला विगनने ८२-६ ने धुतलं. युनियनच्या नियमांनी ट्विकनहॅमला बाथने ४४-१९ ने जिंकलं. गडी बहुतेक तेच, महिना तोच, फक्त नियम बदलले.

इंग्लंडचा लीग खेळाडू सॅम बर्जेस आठवा. २०१४ च्या ऑस्ट्रेलियातल्या लीगच्या ग्रँड फायनलमध्ये पहिल्याच धडकेत गालाचं हाड मोडलं, तरी तो साउथ सिडनीसाठी शेवटपर्यंत खेळला आणि सामनावीर ठरला. त्याच्या धैर्याबद्दल कुणी बोलूच शकत नाही. तो बाथला आला. क्लबने त्याला फ्लँकर (पुढच्या फॉरवर्डांतली जागा) केला, इंग्लंडने सेंटर (मागच्या फळीतली मधली जागा). वर्षभरात थेट वर्ल्डकपला उतरवला. इंग्लंड वेल्सकडून २८-२५ आणि ऑस्ट्रेलियाकडून ३३-१३ हरून आपल्याच घरच्या स्पर्धेत गटातच बाद. नोव्हेंबर २०१५ मध्ये बर्जेस परत लीगला.

लीगमध्ये टॅकल केल्यावर समोरच्याला जितका वेळ दाबून ठेवाल तितकं चांगलं. युनियनमध्ये टॅकल केला की त्याच क्षणी सोडायचं, उभं राहायचं आणि चेंडूवर हात घालायचा. अंगात मुरलेली सवय नेमकी उलटी करायची असते. ती वर्षभरात उलटत नाही.

---

खाडीकाठ

मी कार्डिफला नोकरी करते. तेरावा गडी यांनी दाराचा विषय काढला म्हणून एक गोष्ट.

बिली बोस्टन इथल्या गोदीजवळच्या टायगर बे वस्तीतला मुलगा. वडील सिएरा लिओनचे. वेल्सच्या युनियन संघाकडून खेळायचं एवढंच त्याचं स्वप्न. १९५३ मध्ये विगनची माणसं घरी आली आणि त्यांनी टेबलावर पाच-पाच पाउंडांच्या नोटा मांडल्या, एकूण हजार. मुलाला जायचं नव्हतं. ही माणसं एकदाची जावीत म्हणून आईने तीन हजार द्या म्हटलं, आणि त्यांनी ते कबूल केलं! बोस्टन यांनी ही हकिकत स्वतः सांगितलेली आहे. विगनसाठी त्यांनी ४७८ ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं). वेल्सची युनियनची जर्सी त्यांना कधीच मिळाली नाही. गेल्यावर परत यायचा रस्ता नव्हता, आणि राहिले असते तरी त्या काळात काळ्या मुलाला ती मिळाली असती का, हा प्रश्न उरतोच.

जून २०२५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते 'सर' झाले. लीगच्या खेळाडूला मिळालेला हा पहिला नाइटहूड. कार्डिफ बेमध्ये त्यांचा, क्लाइव्ह सलिव्हनचा आणि गस रिसमनचा पुतळा आहे. तिघेही याच शहरात जन्मले आणि खेळायला उत्तरेला गेले. सलिव्हन १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनचे कर्णधार म्हणून लीगचा वर्ल्डकप जिंकले. मी दुपारच्या सुट्टीत तिथे बसते, शाळेची मुलं पुतळ्याच्या हातातल्या चेंडूला उड्या मारून हात लावतात. एवढे मोठे गडी या गावाने आपल्या मैदानावर पाहिलेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून खेळाडू इकडून तिकडे जातायत, येतायत, हे बघून मला बरंच वाटतं. किती पैसे लागले हा मला दुय्यम प्रश्न वाटतो.

---

दक्षिणवारा

खाडीकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तेरावा गडी, 'आयते' हा शब्द मी मागे घेतो. शीर्षक आता बदलता येत नाही, क्षमस्व. पण पैशांचा प्रश्न दुय्यम आहे हे मान्य नाही. बोस्टन यांच्या वेळी घेणाऱ्या क्लबाने आपल्या गल्ल्यातून पैसे दिले. इथे देशाची युनियन देते आहे, आणि देशभरच्या मैदानांची जबाबदारी तिच्याच गळ्यात आहे.

---

लाल माती

कोल्हापूरहून लिहितोय. रग्बी मी मोबाईलवरच बघतो, आखाड्यात मात्र लहानपणापासून आहे. पंधरा नंबर यांनी सवय उलटी करण्याबद्दल लिहिलंय, ते आमच्याकडे माती आणि गादी म्हणून रोज दिसतं.

मातीत पाय रुततो, त्यामुळे पैलवान जोर लावून उभा राहतो. गादीवर तोच पाय सटासट हलवावा लागतो, गुण मोजले जातात, घड्याळ चालू असतं. मातीतला नावाजलेला मल्ल पहिल्यांदा गादीवर गेला की पोरसवदा गडीही त्याला गुणांवर मागे टाकतो. खाशाबा जाधवांचंच घ्या. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादी त्यांना नवीनच होती, सहावे आले. चार वर्षं गादीवर घासली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. १९४८ नंतर कुणी 'मातीतल्या माणसाने मातीतच राहावं' म्हणून त्यांना थांबवलं असतं तर ते पदक भारताला मिळालं नसतं.

तेव्हा बर्जेस चुकला असं मला वाटत नाही. त्याला मिळायला हवी होती चार वर्षं, मिळालं एक. आणि त्या एका वर्षातही दोन जागांवर फिरवला. आमच्या वस्तादांनी असं कधी केलं नसतं.

---

तेरावा गडी

लाल माती, अगदी मनातलं लिहिलंत!

पंधरा नंबर, बर्जेसचं एक उदाहरण घेऊन सगळ्यांना बाद करू नका. २२ नोव्हेंबर २००३, सिडनी, युनियनच्या वर्ल्डकपची फायनल, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. लोकांना जॉनी विल्किन्सनचा शेवटच्या मिनिटातला ड्रॉप गोल (टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक) आठवतो. पण त्या सामन्यात ट्राय फक्त दोन झाले. पहिला ऑस्ट्रेलियाच्या लोटे टुकिरीचा, उंच किकवर इंग्लंडच्या जेसन रॉबिन्सनच्या डोक्यावरून चेंडू उचलून. दुसरा मध्यंतराच्या जरा आधी खुद्द रॉबिन्सनचा, कोपऱ्यात घसरत. टुकिरी आला ब्रिस्बेन ब्रॉन्कोसकडून, रॉबिन्सन विगनकडून. युनियनच्या सर्वात मोठ्या सामन्यातले दोन्ही ट्राय लीगच्या पोरांचे!

गड्यांपुरतंही हे थांबत नाही. १९९९ च्या वर्ल्डकपमध्ये ऑस्ट्रेलियाने सगळ्या स्पर्धेत एकच ट्राय होऊ दिला. तो बचाव शिकवला जॉन मगल्टनने, जो पॅरामॅटाचा लीग खेळाडू. २००३ च्या इंग्लंडचा बचाव फिल लार्डरचा, तेही लीगचे. पुढे युनियनचे प्रशिक्षक झालेले शॉन एडवर्ड्स आणि अँडी फॅरल दोघेही विगनचे. आज युनियनमध्ये बचावाची जी भिंत दिसते तिच्या विटा आमच्याकडच्या आहेत.

आणि सुआली तर शाळेत युनियनच खेळत होता, किंग्ज स्कूलच्या पहिल्या संघात. लीगने त्याला सतराव्या वर्षी मोठ्या मैदानात उतरवलं. तो परका नाही, घरीच परत आलाय.

---

पंधरा नंबर

रॉबिन्सन, टुकिरी, सेलर, फोलाऊ हे सगळे विंगर किंवा फुलबॅक. तिथे मोकळी जागा असते, धाव आणि झेल दोन्ही खेळांत सारखेच. मधल्या गर्दीतल्या फॉरवर्डचं काय, ते सांगा.

---

तेरावा गडी

ब्रॅड थॉर्न. ब्रॉन्कोसचा फॉरवर्ड. न्यूझीलंडला जाऊन ऑल ब्लॅक, म्हणजे तिथल्या युनियनच्या राष्ट्रीय संघाचा खेळाडू, झाला. परत लीगला आला, २००६ मध्ये ब्रॉन्कोससोबत विजेता. पुन्हा युनियनला, आणि २०११ मध्ये लॉक (फॉरवर्डांतलीच एक जागा) म्हणून वर्ल्डकप जिंकला, छत्तिसाव्या वर्षी. २००१ मध्ये ऑल ब्लॅक्सचं बोलावणं आलं तेव्हा त्याने नाही म्हटलं होतं, मन अजून पक्कं नव्हतं म्हणून. २००३ मध्ये हो म्हटलं.

---

पंधरा नंबर

थॉर्नचं मान्य. म्हणजे लाल माती म्हणतात तेच, त्याने घाई केली नाही. पण माझी तक्रारही घाईचीच आहे. सुआलीचा युनियनमधला पहिला मोठा सामना थेट ऑस्ट्रेलियासाठी, तोही ट्विकनहॅमला, नोव्हेंबर २०२४ मध्ये. तो छान खेळला, ऑस्ट्रेलिया ४२-३७ ने जिंकली, हे कबूल. तरी त्या जागेवर सुपर रग्बीत चार सीझन घाम गाळलेला एखादा सेंटर असेलच ना? त्याला काय सांगायचं?

---

दक्षिणवारा

तो सामना मी इथे पहाटे उठून पाहिला. सुरुवातीच्या किकचे उंच चेंडू तो ज्या सहजतेने काढत होता ते बघून मुलगी सोफ्यावर उभीच राहिली. सोमवारी क्लबात पोरं एकमेकांकडे उंच किक मारून उडी घेत होती. तेरावा गडी आणि खाडीकाठ, हे तुमच्या बाजूचं आहे आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं मागणं आता नेमकं करतो. खेळाडू यावेत. लाल मातींनी सांगितलं तसा त्यांना वेळ मिळावा. पण बाहेरून मोठा गडी आणताना युनियनने त्याच रकमेतला ठरावीक हिस्सा खालच्या क्लबांसाठी करारातच लिहून बाजूला काढावा. ब्रिटिश-आयरिश लायन्स संघाचा दौरा २०२५ मध्ये होऊन गेला, मेलबर्नच्या एका सामन्याला ९० हजारांवर लोक होते. २०२७ चा वर्ल्डकपही इथेच आहे. पैसा नाही असं आता म्हणता येणार नाही.

यंदा बारा वर्षांखालच्या संघाला प्रशिक्षक मिळाला. शेजारच्या लीग क्लबातला निवृत्त गडी आहे, मंगळवारी आणि गुरुवारी फुकट येतो. टॅकल उत्तम शिकवतो. रकचे, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठीच्या झुंजीचे, नियम पोरंच त्याला सांगतात.